बीटल्स फुटताना ऐकायचे असतील तर हजेरीची वही घेऊन बसा

पहिलं काम: फोनमधली 'बेस्ट ऑफ बीटल्स' छापाची यादी बंद करा. तिच्यात १९६३ चं गाणं १९६९ च्या गाण्याला चिकटून येतं आणि सगळंच सारखं गोड लागतं. गाणी आवडायला तेवढं पुरे. पण बीटल्स, म्हणजे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची ती चार पोरं, एकत्र कशी आली, जग कसं डोक्यावर घेतलं आणि मग मोडली कशी, हे कानाने समजून घ्यायचं असेल तर जरा शिस्तीने बसावं लागतं.

मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. गणपती, नवरात्र, लग्नाचं संगीत, कंपन्यांची गेट-टुगेदर, जी सुपारी येईल ती. ग्रुप जुळताना आणि फुटताना जवळून पाहिलेत, म्हणून मला बीटल्सच्या गॉसिपमध्ये फारसा रस नाही. कोण कोणाला काय बोललं यापेक्षा त्या गाण्यावर कोण हजर होतं, हे जास्त बोलकं असतं. म्हणून एक वही घ्या आणि चार रकाने आखा: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार. आडनावंच लिहा, नाहीतर जॉन आणि जॉर्ज दोघांचा 'जॉ' होऊन घोळ होतो. प्रत्येक गाण्यापुढे, त्यावर जो आहे त्याच्या रकान्यात खूण करायची. कोणत्या गाण्यावर कोणी काय वाजवलं याच्या नोंदी नेटवर भरपूर आहेत. पण आधी कानाने अंदाज बांधा, मग पडताळा.

दुसरा नियम क्रमाचा. अल्बम बाजारात कधी आला ते बघू नका, रेकॉर्ड कधी झाला ते बघा. शेवटच्या दोन अल्बमांत यामुळे सगळी गोष्टच फिरते. 'लेट इट बी' बाजारात शेवटी, मे १९७० मध्ये आला. पण त्यातलं बहुतेक काम जानेवारी १९६९ चं, म्हणजे 'ॲबी रोड'च्या आधीचं. बाजाराच्या क्रमाने ऐकलंत तर ते रडतखडत संपले असं वाटेल. रेकॉर्डिंगच्या क्रमाने ऐका, वेगळं चित्र दिसेल.

आता सुरुवात. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर बंद करा, वायरचे इयरफोन लावा आणि पहिला अल्बम, 'प्लीज प्लीज मी', स्टीरिओत लावा. त्या काळी स्टुडिओत दोन ट्रॅकचं मशीन होतं. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. स्टीरिओ करताना ते तसेच दोन बाजूंना टाकले, म्हणून एका कानातला इयरफोन काढला की नुसती वाद्यं उरतात आणि दुसऱ्या कानातला काढला की नुसते गाणारे. (२०२३ साली निघालेल्या लाल संकलनातलं नवं मिक्स लावू नका, त्यात ही गंमत गेली.) असं एकेका कानाने ऐकलं की कळतं, हे लोक तेव्हा एकत्र वाजवून थेट टेपवर उतरवत होते. या अल्बममधली १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात झाली. जॉनला सर्दी झालेली, म्हणून घसा फाडणारं 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम शेवटी ठेवलं आणि पहिल्याच टेकला घेतलं. चारी रकान्यांत खुणा करा आणि पुढे चला. सुरुवातीची काही वर्षं वहीत फार काही घडत नाही.

मागची गोष्ट थोडक्यात. लिव्हरपूलच्या वूल्टन भागात चर्चच्या जत्रेत ६ जुलै १९५७ ला जॉन आणि पॉल भेटले, पुढच्या वर्षी जॉर्ज आला. १९६० पासून हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून हात बसला. रेकॉर्डच्या दुकानाचा कारभार बघणारा ब्रायन एपस्टाइन मॅनेजर झाला, डेक्का कंपनीने नाकारलं, ईएमआय कंपनीचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने घेतलं, आणि ऑगस्ट १९६२ मध्ये ड्रमर पीट बेस्टला काढून रिंगोला आणलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवर त्यांना सुमारे ७ कोटी लोकांनी पाहिलं. हा चढता भाग सगळ्यांना ठाऊक असतो, त्यावर जास्त वेळ घालवू नका.

या भागात तीन गाणी मात्र नीट ऐका. 'अ हार्ड डेज नाइट' जॉनचं आहे, पण मधला उंच सुरांचा तुकडा पॉल गातो, कारण तिथे जॉनचा आवाज पोचत नव्हता. 'वी कॅन वर्क इट आउट'मध्ये पॉल म्हणतो जमेल, आणि मधेच जॉन येऊन म्हणतो वेळ कमी आहे. मधल्या तुकड्याच्या शेवटी ठेका तीनात जातो, ती सूचना जॉर्जची. तिसरं 'धिस बॉय'. जॉन, पॉल, जॉर्ज तिघांचे आवाज असे गुंफलेत की कुठला कोणाचा ते सोडवता सोडवता नाकी नऊ येतात. टीव्हीवरच्या जुन्या फिती मिळाल्या तर बघा, तिघं एकाच मायकाला डोकी लावून उभे आहेत. हे गाणं वहीत अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १९६६. मैदानांतल्या किंकाळ्यांपुढे त्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू येत नसे. स्टेजवर मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला आपलं ऐकवणारे स्पीकर, नाहीत, गाणं मैदानाच्या भोंग्यांतून. मॉनिटर नसताना वाजवणं काय असतं ते आम्हाला विचारा, ड्रमरच्या हाताकडे डोळे लावून वाजवावं लागतं. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम झाला आणि दौरे बंद. मला विचाराल तर खरी चीर इथे पडली. भांडण नव्हतं, पण रोज एकत्र वाजवायचं कारणच उरलं नाही. स्टुडिओत एकेकट्याने येऊन आपला तुकडा भरून जाता येतं, स्टेजवर तसं चालत नाही.

वहीत लक्षात येणारा बदल त्याच वर्षीच्या 'रिव्हॉल्व्हर'वर दिसतो. 'लव्ह यू टू' हे जॉर्जचं गाणं लावा. तबला वाजतो, आणि अल्बमच्या वेष्टनावर वाजवणाऱ्याचं नाव छापलंय: अनिल भागवत. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत ते आले होते. सोळा मात्रांचं काहीतरी हवं, एवढं जॉर्जने सांगितलं, बाकी त्यांच्यावर सोडलं. आमच्या ग्रुपच्या तबलजीला मी हे कोणाचं ते न सांगता ऐकवलं. तो बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत बसला आणि शेवटी म्हणाला, "हा हात आपल्याकडचा आहे." पुढच्या वर्षी 'सार्जंट पेपर'मधलं 'विदिन यू विदाउट यू' आलं. त्यावर जॉर्ज, लंडनमधले भारतीय वादक, व्हायोलिन-चेलोवाले इंग्रज, आणि इतर तीन बीटल्सपैकी एकही नाही. दिलरुबा वाजवणाऱ्यांत एक अण्णा जोशी आहेत.

मुंबईचा भाग इथेच उरकून घ्या. दौरे थांबल्यावर सप्टेंबर १९६६ मध्ये जॉर्ज रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमध्ये उतरला. बातमी फुटली, हॉटेलबाहेर पोरापोरींची गर्दी झाली, मग गुरू-शिष्य श्रीनगरच्या हाउसबोटीवर गेले. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत करायला. मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत त्याने हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, आशिष खाँ अशा मंडळींबरोबर काम केलं. त्याच मुक्कामात एका गाण्याची सगळी वाद्यं भरून घेतली, ते 'द इनर लाइट'. गायन नंतर लंडनला. बीटल्सच्या नावाने निघालेल्या या गाण्यावर वाद्यं वाजवणारे सगळे आपले लोक आहेत. वहीत मी या ओळीपुढे पाचवा रकाना काढून 'मुंबई' लिहिलंय.

इथे वाद्यं बाजूला ठेवून एका मृत्यूकडे बघा. २७ ऑगस्ट १९६७ ला एपस्टाइन गेला, वय ३२. चौघं तेव्हा वेल्समध्ये महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते. तारखा, पैसे, कोणाला कधी आणि किती बोलायचं, हे सगळं त्या माणसाकडे होतं. आमच्या जुन्या ग्रुपमध्ये सुपारीची डायरी ज्याच्याकडे असायची तो सोडून गेला, आणि सहा महिन्यांत हिशेबावरून आम्ही एकमेकांची तोंडं बघेनासे झालो. त्याआधीही कुरबुरी होत्याच की, पण त्या त्याच्या पाशी अडायच्या. बीटल्सनी तेव्हा मॅनेजरची जागा भरलीच नाही. उलट ॲपल नावाची स्वतःची कंपनी काढली. तिचं कपड्यांचं दुकान डिसेंबर १९६७ मध्ये उघडलं आणि जुलै १९६८ मध्ये उरलेला माल लोकांना फुकट वाटून बंद केलं. धंदा कसा चालला असेल ते यावरून ओळखा.

आता १९६८ चा पांढऱ्या वेष्टनाचा दुहेरी अल्बम. नाव नुसतं 'द बीटल्स', गाणी ३०. यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या, एका बैठकीत संपवू नका. यातली बरीच गाणी त्या वर्षी हृषीकेशला, महर्षींच्या आश्रमात झाली. तिथूनही ते वेगवेगळे परतले: रिंगो थोड्याच दिवसांत, मग पॉल, आणि जॉन-जॉर्ज शेवटी.

वहीचं पान उघडा आणि खुणा करत चला. 'ब्लॅकबर्ड': पॉल एकटा, गिटार आणि बुटाची टकटक. 'जूलिया': जॉन एकटा. 'वाइल्ड हनी पाय': पॉल एकटा. 'व्हाय डोंट वी डू इट इन द रोड': पॉल आणि रिंगो. 'लाँग, लाँग, लाँग': जॉन गैरहजर. 'रेव्होल्यूशन ९', आठ मिनिटांचा तो आवाजांचा काला: पॉल नाही. 'गुड नाइट': रिंगो वाद्यवृंदाबरोबर गातो, बाकी तिघांचं वाजवणं नाही. एवढ्यावरच कळतं काय चाललंय. एक तारीख तर अशी आहे की वहीत वेगळी चौकट करावी: ११ जून १९६८. पॉल स्टुडिओ क्रमांक दोनमध्ये 'ब्लॅकबर्ड' करत होता, जॉन तीनमध्ये 'रेव्होल्यूशन ९'चे तुकडे जुळवत होता, आणि जॉर्ज-रिंगो अमेरिकेत होते. एकाच इमारतीत, एकाच ग्रुपच्या नावाने, दोन वेगळी कामं.

मग 'बॅक इन द यूएसएसआर' आणि 'डिअर प्रूडन्स' लागोपाठ लावा आणि फक्त ड्रम ऐका. रिंगोचा हात कसा असतो? ठोका किंचित मागे रेललेला, फिल्स, म्हणजे ठेक्यामधल्या भरावाचे तुकडे, जरा वाकड्या वाटेने येणारे, कारण तो डावखुरा असून उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवतो. इथे तो हात नाही. २२ ऑगस्टला रिंगो वैतागून निघून गेला होता, ड्रमवर मुख्यतः पॉल बसलाय. सप्टेंबरच्या सुरुवातीला रिंगो परत आला तेव्हा ड्रमसेट फुलांनी सजवलेला होता. त्याआधी जुलैमध्ये रेकॉर्डिंग इंजिनिअर जेफ एमरिकसुद्धा वातावरणाला कंटाळून निघून गेला होता. साउंडवाला मधेच उठून जातो, तेव्हा तिथलं काय झालं असेल ते आम्हा वाजवणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

जॉर्जने याच अल्बमवर एक हुशारी केली. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' दुसरे मनावर घेईनात, म्हणून ६ सप्टेंबरला तो गिटारवादक एरिक क्लॅप्टनला घेऊन आला. घरात पाहुणा आला की भांडणारी मंडळीसुद्धा सरळ बसतात, तसं झालं. गाणं एकदम उभं राहिलं.

तरीही सगळ्याच ओळी अर्ध्या नाहीत. 'यर ब्लूज'साठी चौघं स्टुडिओशेजारच्या अडगळीच्या छोट्या खोलीत मुद्दाम दाटीवाटीने उभे राहिले, आणि तो दणका ऐकू येतो. 'हॅपिनेस इज अ वॉर्म गन'च्या बदलत्या ठेक्यांवर चौघांनी कितीतरी टेक घासले. एकमेकांशी पटत नसताना एकत्र वाजवता येतं, हे बाहेरच्यांना पटत नाही. ऑर्केस्ट्रात आम्ही ते नेहमी करतो.

पुढची पायरी जानेवारी १९६९. कॅमेरे लावून, चित्रपटाच्या गार स्टुडिओत सकाळी रिहर्सल. १० जानेवारीला जॉर्ज निघून गेला. समेट झाला तो जागा बदलायच्या अटीवर: सॅव्हिल रोवर ॲपलच्या तळघरात. तिथे २२ तारखेला बिली प्रेस्टन कीबोर्डवर येऊन बसला आणि क्लॅप्टनचीच मात्रा पुन्हा लागू पडली. ३० जानेवारीला त्याच इमारतीच्या गच्चीवर, कडाक्याच्या थंडीत, ४२ मिनिटं वाजवलं. 'आय हॅव गॉट अ फीलिंग' ऐका. पॉलचं अर्धवट गाणं आणि जॉनचं अर्धवट गाणं, शेवटी दोघं एकाच वेळी आपापलं गातात आणि ते बसतं. मग 'वन आफ्टर ९०९'. दोघांनी पोरवयात लिहिलेलं गाणं, आणि इथे ते पुन्हा तसेच उडाणटप्पू वाटतात. चारी खुणा, वर एक प्रेस्टनची.

यानंतर एक दिवस गाणी नकोत, हिशेब समजून घ्या. जॉनने ॲलन क्लाइन नावाचा अमेरिकन मॅनेजर निवडला, जॉर्ज आणि रिंगो त्याच्या मागे गेले. पॉलला बायको लिंडाचे वडील आणि भाऊ, ईस्टमन, हवे होते. तीन विरुद्ध एक. त्याच वसंतात त्यांचा प्रकाशक डिक जेम्स याने त्यांच्या गाण्यांचे हक्क असलेल्या नॉर्दर्न साँग्स कंपनीतला आपला हिस्सा एटीव्ही या टीव्ही कंपनीला विकला. जॉन-पॉलनी कंपनी हातात ठेवायची धडपड केली. त्या गडबडीत जॉनला कळलं की पॉलने गुपचूप जादा शेअर घेतलेत. कंपनी हातची गेलीच. जॉनची बायको योको हिच्यामुळे बीटल्स फुटले असं अजून कोणी म्हणालं तर त्याला हा परिच्छेद वाचायला द्या. ती स्टुडिओत बसायची आणि बाकीच्यांना ते आवडत नव्हतं हे खरं, पण तिने ना क्लाइनला नेमलं ना शेअर विकले. आणि गंमत बघा, याच एप्रिलमध्ये जॉन-योकोच्या लग्नावरचं गाणं, 'द बॅलड ऑफ जॉन अँड योको', जॉन आणि पॉल या दोघांनीच एका दिवसात केलं. ड्रमवर पॉल.

आता, आणि आताच, 'ॲबी रोड'. 'समथिंग' हे जॉर्जचं, एकेरी रेकॉर्डच्या मुख्य बाजूला आलेलं त्याचं पहिलंच गाणं. त्यातला पॉलचा बेस मी आजही सरावाला घेतो. गाण्याच्या खाली दुसरं गाणं चाललंय, कोर्टकचेरीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचं. 'यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी'चा विषय नावातच आहे. 'बिकॉज'च्या आधी ते अधोरेखित केलेलं 'धिस बॉय' पुन्हा लावा. तेच तीन आवाज, सहा वर्षांनी, तीन थर चढवून नऊ केलेले. 'अँथॉलॉजी ३' या संकलनावर नुसते आवाज मिळतात, तेच ऐका. शेवटी 'द एंड': रिंगोचा एकुलता एक ड्रम सोलो, मग गिटारी, पॉल, जॉर्ज, जॉन, प्रत्येकी दोन मापं (बार), तीन फेऱ्या. तिघांचे स्वभाव तिथे सुटे सुटे ऐकू येतात: पॉलचं नेटकं, जॉर्जचं गोल, जॉनचं खरखरीत. चौघं स्टुडिओत शेवटचे एकत्र आले ते २० ऑगस्ट १९६९ ला. सप्टेंबरमध्ये जॉनने बाकीच्यांना सांगून टाकलं की मी चाललो. बाहेर मात्र गुप्त ठेवलं.

वहीतल्या शेवटच्या ओळी भराभर भरतात. ३ जानेवारी १९७०, 'आय मी माइन': तिघं, जॉन नाही. केलेलं गाणं दीड मिनिटाचंच होतं, निर्माता फिल स्पेक्टरने नंतर त्यातलाच तुकडा पुन्हा जोडून लांबवलं. १ एप्रिल, 'द लाँग अँड वाइंडिंग रोड'वर वाद्यवृंद आणि बायकांचा कोरस चढवला, तेव्हा हजर बीटल एकच, रिंगो. पॉलला विचारलंही नाही. हाच टेक 'अँथॉलॉजी ३'वर वाद्यवृंदाशिवाय आहे. त्यात जॉनचा बेस ऐका, कितीदा घसरतो! बेसवाला म्हणून सांगतो, असा टेक मी सुपारीत वाजवला असता तर पाकीट मिळालं नसतं. पण व्हायोलिनचं पांघरूण घालण्यापेक्षा तो तसाच बरा.

१० एप्रिलला पॉलच्या एकट्याच्या अल्बमसोबतचं निवेदन बाहेर आलं आणि जगाला कळलं. ३१ डिसेंबर १९७० ला त्याने लंडनच्या हायकोर्टात बाकी तिघांवर दावा लावला. याला द्वेष समजू नका. १९६७ च्या करारानुसार गीतलेखन सोडून चौघांची कमाई एकाच भागीदारीत जमा व्हायची, एकट्याने केलेल्या कामाचीसुद्धा. क्लाइनपासून सुटायचं तर भागीदारीच मोडावी लागणार होती. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड'वर परस्पर चढवलेला वाद्यवृंद हाही कोर्टात मुद्दा झाला. कागदोपत्री भागीदारी संपली ती जानेवारी १९७५ मध्ये. दरम्यान जॉन, जॉर्ज आणि रिंगो यांनी स्वतःच क्लाइनला सोडून त्याच्यावर दावा ठोकला होता.

पीटर जॅक्सनने २०२१ साली काढलेली 'गेट बॅक' ही जवळपास आठ तासांची मालिका हे सगळं ऐकून झाल्यावरच बघा. आधी बघितलीत तर डोळे कानाला सांगत बसतील. वेळ नसेल तर तिसरा भाग, गच्चीचा. आणि पुढे जायचं असेल तर सोलो रेकॉर्डमध्ये पहिल्यांदा जॉर्जचा तिहेरी 'ऑल थिंग्ज मस्ट पास' घ्या. अल्बममागे एकदोन गाण्यांची जागा मिळणाऱ्या माणसाकडे किती माल साठला होता, ते बघून वहीतल्या हॅरिसनच्या रकान्याकडे पुन्हा एकदा नजर टाका.